अकीक मोहीम आणि फितूर सूर्य

२ फेब्रुवारी, रविवार. दुपारी.

आज माझा पाणउतारा झाला. माझ्याच घरात, माझ्याच टेबलावर, मी वाढलेलं जेवून.

नोंद स्वच्छ अक्षरात ठेवते आहे. राग आला की अक्षर बिघडतं ते बाकीच्यांचं. शाळेत आमच्या सिस्टरांनी पट्टीने बोटं शेकून ते वळण लावलंय, रागाने ते मोडत नाही.

झालं ते असं. कालव्याच्या कडेने फिरताना मला एक हिरवा दगड सापडला. गुळगुळीत, उजेडात धरला की आतून चमकणारा. मी तो नातीला दिला आणि सांगितलं, हा अकीक, अंगठीत बसवतात तो खडा. पोरीला सध्या दगडांचं वेड लागलंय. लावलं कुणी, तर माझ्या धाकट्या जावेने. भाऊजी गेल्यापासून ही बाई नदीनाल्यांतून दगड आणते, घासते, पुसते आणि काचेच्या कपाटात मांडते. दर शनिवारी नात तिच्याकडे दगड शिकायला जाते. पूर्वी शनिवार माझा होता. मी तिच्याकडून स्पेलिंग पाठ करून घ्यायचे. पोरगी तेव्हा किती आनंदात असायची.

तर जेवता जेवता जावेने खिशातून भिंग काढलं. लोक खिशात रुमाल ठेवतात, ही भिंग ठेवते. डोळ्याला लावलं आणि म्हणाली, "वहिनी, ही बाटलीची काच आहे. पाण्याने घासून अशी झालीय."

मुलगा हसला. सून हसली नाही, पाणी प्यायला लागली. ते हसण्याहून वाईट. ह्यांनी विचारलं, बाटली सोड्याची का औषधाची. नातीने ती काच उचलली आणि माझ्या ताटाशेजारी आणून ठेवली. परत केली.

बाकी सगळ्यांना एक वेळ माफ करीन. भिंगवालीला नाही.

३ फेब्रुवारी, सोमवार. पहाटे.

उपाय सापडला. कुटुंबाची कॅम्पिंग ट्रिप. नदीकाठी तंबू, मोकळी हवा, अकीक शोधणे. अधिकृत उद्देश: कुटुंबाने एकत्र येणे. मूळ उद्देश: भिंगवालीच्या डोळ्यांदेखत मी खरा अकीक काढणार आणि तिच्याच भिंगाखाली ठेवणार. "खरा आहे, वहिनी" हे शब्द तिच्या तोंडून सगळ्यांसमोर यायला हवेत. त्यानंतर नात कुणाकडे शिकते ते बघू.

यात सूड वगैरे काही नाही. मी विमा कंपनीच्या क्लेम खात्यातून निवृत्त झालेली बाई आहे. लोक माझ्यासमोर जळालेल्या गोदामांची रडगाणी गायचे आणि मी शांतपणे विचारायचे, आगपेटी कुठे ठेवली होती. मला फक्त सत्य लागतं.

५ फेब्रुवारी, बुधवार.

जेवणानंतर योजना जाहीर केली. मुलगा म्हणाला, रजेचं अवघड आहे. म्हटलं, शनिवार-रविवारला रजा लागत नाही, उठावं लागतं. सुनेने टॉयलेटचं विचारलं. म्हटलं, निसर्ग. तिने पुन्हा विचारलं. म्हटलं, निसर्गाच्या आडोशाने. ह्यांनी विचारलं, खुर्ची नेता येईल का.

नातीचा एकच प्रश्न. काकूआजी येणार का?

म्हटलं, तिच्याशिवाय ट्रिपच नाही. हे अक्षरशः खरं होतं. पोरीने उडी मारून मला मिठी मारली. कितीतरी दिवसांनी. कारण चुकीचं होतं, पण मिठी स्वीकारली.

८ फेब्रुवारी, शनिवार.

भिंगवालीला स्वतः फोन केला. आवाजात साखर ठेवली. ती म्हणाली की बरं वाटलं वहिनी, एकटीने नदीवर जायला आताशा नको वाटतं. किती साळसूद. क्लेम खात्यात असे आवाज रोज ऐकलेत. सगळ्यात साळसूद माणसाचंच गोदाम मुळात रिकामं निघायचं.

मागून नात हसत असल्याचं ऐकू आलं. दगडांत हसण्यासारखं काय असतं देव जाणे. स्पेलिंगला कधी हसली नाही.

संकल्प: ट्रिपच्या आत अकीकाबद्दल सगळं वाचून काढणे.

१० फेब्रुवारी, सोमवार.

वाचन सुरू. अकीक हा गारगोटीच्या कुळातला, थराथरांचा दगड. बाहेरून ओबडधोबड, आतून सुरेख. आमच्या घरात उलटा प्रकार आहे.

पुस्तक जड आहे. चष्म्याचा नंबर बदललेला दिसतो. उरलेलं नंतर.

शेजारच्या जिमवाल्याकडून तंबू मागून आणला. हॉलमध्ये रंगीत तालीम घेतली. दांडा पंख्याला लागला, पंखा वाकडा झाला. चूक पंख्याची, इतका खाली कोण लावतं. हे आतून दांडे धरून उभे होते. मी बाहेरून सूचना देत होते. थोड्या वेळाने आतून उत्तर येईना. बघते तर झोपलेले.

म्हणाले, इथे आवाज कमी येतो.

१३ फेब्रुवारी, गुरुवार.

हे अजून तंबूतच आहेत. पेपर आत मागवतात, चहा आत मागवतात. सूनबाईने सोफा सरकवून जायला वाट करून दिली. मी म्हटलं, सराव होतोय.

पण आजची बातमी वेगळीच आहे. शत्रूचं गुपित हाती लागलं.

संध्याकाळी नात स्वयंपाकघरात फोन स्पीकरवर ठेवून भिंगवालीशी बोलत होती. मी ऐकत नव्हते, ताटली पुसत होते. एकच ताटली, पण नीट पुसली. भिंगवाली सांगत होती की अकीक शोधायचा तर ऊन तिरपं असताना, आणि सूर्याकडे तोंड करून चालायचं. म्हणजे उजेड दगडातून आरपार येतो आणि बाकी सगळे दगड काळे दिसत असताना अकीक तेवढा पेटतो. सूर्य पाठीशी घेतला तर सोन्याच्या खाणीतून चाललात तरी दिसणार नाही.

इतकी मोठी गोष्ट आणि स्पीकरवर. अशी बेफिकिरी मी कधी केली नाही. आमच्या खात्यात कपाटाच्या किल्ल्या मी पदराला बांधत होते.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार.

टीम ठरवल्या. नदी पूर्व-पश्चिम वाहते, मधे पूल. पुलाशी तंबू. पूर्वेकडे मी, नात आणि हे. पश्चिमेकडे भिंगवाली, मुलगा आणि सून. सकाळी सूर्य पूर्वेला. म्हणजे आमच्या तोंडावर, त्यांच्या पाठीवर. तिच्याच विद्येने तिला चीत करणार.

टाइप करून सगळ्यांना पाठवलं. खाली लिहिलं: टीम व दिशा बदलून मिळणार नाहीत. मुलाने अंगठा पाठवला. भिंगवालीने फूल पाठवलं. तिला काही कळलेलं नाही.

रात्रीच्या जेवणाला मी दोनदा वाढून घेतलं. किती दिवसांनी चव लागली.

१६ फेब्रुवारी, रविवार.

मणी आणि दगड विकणाऱ्या दुकानात जाऊन आले. शंका म्हणून नाही. ज्या बाईने सगळा जन्म विमा विकणाऱ्या कंपनीत काढला तिने विम्याशिवाय घराबाहेर पडावं हे शोभत नाही, एवढंच.

एक अकीक घेतला. बदामी, आत पांढरे पट्टे, चांगला पॉलिश केलेला. दुकानदार वर दोरा फुकट देत होता. दोरा कशाला, ते विचारायचं राहिलं.

हा फक्त खिशात राहील. समजा नदीने ऐनवेळी दगा दिलाच, तर नातीच्या पायापुढे ठेवता येईल. तिला सापडेल. मग भिंगवालीला भिंग लावून खरा म्हणावंच लागेल, कारण खरा आहेच. दगड खरा, फक्त पत्ता खोटा. असे क्लेम मी फेटाळले असते, पण ते लोक परके होते.

१७ फेब्रुवारी, सोमवार.

दोरा कशाला ते कळलं. दगडाला आरपार भोक आहे. पेंडंटचा आहे.

परत करायला गेले तर दुकान बंद. घाबरून जाणाऱ्यांतली मी नाही. अंघोळीचा साबण ओला करून भोकात दाबून भरला. वरून कुंडीतली माती चोळली. वाळल्यावर बघितलं, पत्ता लागत नाही. स्वतः मीच थोडा वेळ भोक शोधत होते. सिस्टर म्हणायच्या, या मुलीचे हात कलेचे आहेत. बाकीच्यांना त्या हे म्हटल्याचं मला आठवत नाही.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार.

सामान बांधलं. ह्यांना तंबूतून काढताना वाद झाला. शेवटी ते आत असतानाच दांडे उपसले.

संकल्प: उद्या पहाटे अंधारात निघणे. सूर्य वर यायच्या आत नदीवर. मी तोंडातून एक वावगा शब्द काढणार नाही. शब्दांची गरजच नाही.

२२ फेब्रुवारी, शनिवार. संध्याकाळी, तंबूत.

सगळं नीट चाललंय. लहानसहान बदल झाले ते लिहून ठेवते.

पहाटे निघालो नाही. सूनबाईचं आवरेपर्यंत उजाडलं. (माझा चष्मा सापडत नव्हता हेही एक कारण सांगितलं जातं. चष्मा ज्याने उशीखाली ठेवला त्याने ते बघावं. उशी माझी होती हा मुद्दा नाही.)

वाटेत फोनमधली बाई डावीकडे वळा म्हणत होती. मी मुलाला सरळ जा म्हटलं. तिचा आवाज मला पहिल्यापासून पटलेला नाही, खात्री नसलेली माणसं इतक्या गोड आवाजात बोलतात. सरळ गेल्यावर एक सिमेंटचा कारखाना लागला. पुढे रस्ता नव्हता. भिंगवाली मागच्या सीटवर नातीला कारखान्यातल्या चुनखडीबद्दल सांगायला लागली, आणि नात मान बाहेर काढून बघायला लागली. माझी चूक असती तरी तिने फायदा करून घ्यायला नको होता.

पोचेपर्यंत दुपार कलली. तंबू ह्यांनी एकट्याने डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच उभा केला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तालीम माझी कल्पना होती हे कुणाच्या लक्षात नाही.

मग मी टीम सोडल्या. आम्ही पूर्वेला, ते पश्चिमेला. ह्यांनी तोंडातल्या तोंडात म्हटलं की अगं सूर्य आता तिकडे गेला. मी म्हटलं, टाइप केलंय.

नदीत पाणी थोडं, पात्र नुसतं दगडांचं. हजारो. मी आणि नात खाली मान घालून चाललो. आमच्या सावल्या पुढे लांब पडलेल्या, ज्या दगडावर नजर टाकावी त्यावर आधी माझी सावली. नात म्हणाली, आजी बाजूला हो. बाजूला झाले तर सावली पण आली. सगळे दगड सारखेच. एकही पेटला नाही. हे खुर्ची शोधत परत गेले.

सूर्याने ऐनवेळी बाजू बदलली. एका वाक्यात सांगायचं तर हेच.

अंधारायच्या सुमाराला पश्चिमेची टीम परतली. मुलाची टोपी भरून अकीक. ज्या मुलाला फ्रिजमधलं लोणी सापडत नाही त्याला. सूनबाई हात हलवून हलवून सांगत होती की ऊन समोर आलं आणि दगड नुसते दिव्यासारखे लागले. नात टोपीत डोकं घालून बसली. एकेक दगड काढून उजेडासमोर धरायची आणि काकूआजी, काकूआजी करायची. मी सूप ढवळत होते. कुणीतरी ढवळायला हवंच होतं.

भिंगवालीने एक दगड माझ्यापुढे धरला, म्हणाली बघा वहिनी कसले पट्टे आहेत. मी म्हटलं, सूप लागेल त्याला.

निष्कर्ष: सूर्यबिर्य काही नाही. ते स्पीकरवरचं बोलणं माझ्यासाठीच होतं, मला हुलकावणी द्यायला. एवढी बेफिकिरी कुणी उगीच करत नाही. अकीक पश्चिमेच्याच बाजूला आहेत. उद्या पश्चिम माझी.

२३ फेब्रुवारी, रविवार. सकाळी, चहाच्या वेळी.

दिशा बदलल्या. "बदलून मिळणार नाहीत" हे इतरांसाठी होतं.

भिंगवाली म्हणाली, वहिनी सकाळी पूर्वेला जा, ऊन तिकडून येतंय. नात पण म्हणाली, आजी खरंच. दोघींचं ठरलेलं दिसतं. म्हटलं, काल पूर्वेला आम्हीच होतो, पूर्व कशी आहे ते मला माहीत आहे. भिंगवालीने खांदे उडवले. हरणारी माणसं उडवतात.

नात थोडा वेळ मधोमध उभी होती. एक बूट तिकडे, एक बूट इकडे. मग माझ्याकडे आली. म्हणाली, चल. तिच्या आवाजात उत्साह कमी होता, पण आली. मला आवडलं ते.

खिशात विमा आहे.

त्याच दिवशी. दुपारी, गाडीत.

लिहून घेते.

पश्चिमेला गेलो. ऊन पाठीवर. सावल्या पुन्हा पुढे. (सूर्य दोन्ही दिवस विरुद्ध पार्टीत होता, हे आता सिद्ध झालं.) नात किती तरी वेळ शोधत राहिली. मग शोधायची थांबली आणि नुसती चालायला लागली. दगडाला पायाने ढकलायची आणि बघायची पण नाही. तिने मागे वळून पूर्वेकडे बघितलं. दूर ती तिघं वाकून काही वेचत होती, सूनबाईचं हसणं पाण्यावरून इथपर्यंत येत होतं.

मी ठरवलं, हीच वेळ. रुमाल काढायच्या निमित्ताने विमा वाळूत सोडला. मग म्हटलं, अगं तिथे काय चमकतंय बघ.

तिने बघितलं. काय चेहरा झाला तिचा. असा चेहरा मी हल्ली फक्त ती भिंगवालीकडून घरी येताना बघते. तिने दगड उचलला, म्हणाली आजी सापडला, आणि पाण्याकडे धावली, कारण दगड ओला केला की रंग खुलतो हे तिला भिंगवालीने शिकवलंय. पाण्यात बुडवला आणि दोन्ही अंगठ्यांनी जोरात घासला.

दगडाला फेस आला.

पोरगी घासत राहिली. फेस वाढत राहिला. मी म्हटलं, काही काही अकीकांना येतो. का म्हटलं कुणास ठाऊक. तिने दगड धुतला, उजेडाकडे धरला आणि भोकातून माझ्याकडे बघितलं.

"आजी," ती म्हणाली, "ह्याला अंघोळीच्या साबणाचा वास येतोय. आपल्या."

मी वाळूकडे बघत राहिले. आमच्याकडे क्लेम घेऊन येणारी माणसं पकडल्यावर असंच बघायची. मला वाटायचं, नाटक करतात.

तिने दगड खिशात टाकला. आम्ही पुलापर्यंत आलो, मी मागे, ती पुढे. तिकडे टोपी पुन्हा भरलेली होती. भिंगवालीने विचारलं, तुम्हाला काय मिळालं. आता सगळ्यांसमोर होणार. जे मी तिच्यासाठी शिजवलं होतं ते माझ्याच ताटात.

नात म्हणाली, "काही नाही. आमच्याकडे ऊन नव्हतं."

भिंगवालीने तिच्या हाताकडे बघितलं. हाताला अजून फेस होता. मग माझ्याकडे बघितलं. भिंगाशिवाय. म्हणाली, होतं असं, नदी कधी कधी देत नाही. आणि तंबू गुंडाळायला लागली.

मला समजून घेणारी ही कोण? भांडली असती तर बरं झालं असतं. भांडणाची माझी पूर्ण तयारी होती.

२५ फेब्रुवारी, मंगळवार.

ट्रिप एकंदरीत यशस्वी. मुलगा ऑफिसात सगळ्यांना सांगत फिरतोय. पुढच्या वेळी मी जातीने फोनमधल्या बाईचं ऐकायचं ठरवलंय, बघू तरी कुठे नेते.

तंबू परत केला. हे दिवसभर हॉलच्या मधोमध, जिथे तंबू होता तिथे, उगाच उभे असतात.

नात माझ्याशी नीट बोलते. प्लीज म्हणते, थँक यू म्हणते. कॉन्व्हेंटमध्ये गेल्यासारखी. घरात इतके चांगले मॅनर्स मला सहन होत नाहीत.

१ मार्च, शनिवार.

नात भिंगवालीकडे गेली. मी म्हटलं होतं, आज स्पेलिंग घेऊ का. म्हणाली, नको आजी, थँक यू.

दुपारभर कपाटं आवरली. आवरलेलीच होती. पुन्हा आवरली.

सूड अर्धवट राहिला की असं होतं. तो पूर्ण करायचा विचार करत खिडकीशी बसले. पण पुढे काय करायचं ते काही केल्या सुचेना. भिंगवालीचं तोंड डोळ्यांसमोर आणावं तर पोरीचंच यायचं, भोकातून बघणारं.

५ मार्च, बुधवार.

नात दूध पीत होती. मी समोर बसले होते. तिने विचारलं, "आजी, तुला दगड हवा होता की काकूआजीला हरवायचं होतं?"

असले प्रश्न आमच्या वेळी मुलं मोठ्यांना विचारत नव्हती. मी म्हटलं, दूध गार होतंय.

ती म्हणाली, गारच आहे. आणि बसून राहिली. उठून गेली नाही. क्लेम खात्यात मी हेच करायचे, प्रश्न विचारायचा आणि बसून राहायचं. माणूस आपणच बोलतो. ही युक्ती तिला कुणी शिकवली नसणार, रक्तातच आहे.

मी बोलले. म्हटलं, दगडाचं मला काही नाही. मला शनिवार हवा होता.

तिने ग्लास खाली ठेवला. ओठावर दुधाची मिशी. म्हणाली, मग तसं सांगायचं ना.

मी म्हटलं, तोंड पूस.

६ मार्च, गुरुवार.

भिंगवालीचा फोन. नदीवरून आणलेल्या दगडांचं पोतं तसंच पडलंय, चिखल काढून काढून मनगट धरलं, शनिवारी मदतीला याल का वहिनी. काकुळतीला आलीये हे स्पष्ट आहे. शेवटी कुणाची गरज कुणाला लागली?

मी लगेच हो म्हटलं नाही. नात शेजारी उभी राहून मान हलवत होती, म्हणून मग म्हटलं. फोन ठेवल्यावर पोरीने अट घातली. "तू फक्त धुवायचं. कुठला दगड काय आहे ते सांगायचं नाही."

अट मान्य केलेली नाही. फक्त नाकारली नाही.

८ मार्च, शनिवार. संध्याकाळी.

जाऊन आले.

काचेचं कपाट जवळून बघितलं. धूळ नाही. शोधली होती. भाऊजींचा फोटो सगळ्यात वरच्या फळीवर, दगडांच्या मधे.

अंगणात तिघी बसलो. मला एक बादली दिली, एक जुना ब्रश आणि अंगावर पाणी उडू नये म्हणून तिचा एप्रन. भिंगवालीचं मनगट चांगलं धडधाकट होतं, तिने भरलेली बादली एका हाताने उचलून माझ्यापुढे ठेवली. मी पाहिलं. पुरावा पुढे कधी लागलाच तर आहे.

मी धुतलं. एकही दगड काय आहे ते सांगितलं नाही. एकदा जीभ चावली. एक हिरवा आला तेव्हा.

नात भिंगवालीच्या बाजूला बसली होती, तिच्या भिंगात डोळा घालून. माझ्या बाजूला नाही. पण बादली माझ्याकडे होती, त्यामुळे दर दगडाला तिला उठून माझ्याकडे यावंच लागायचं, आणि दगड स्वच्छ होईपर्यंत माझ्याजवळ थांबावंच लागायचं.

मी ब्रश अगदी सावकाश फिरवला.